सव्वा ओहम

१ जून २०२५ला ब्रिटनमध्ये वापरून फेकायच्या वेपवर, म्हणजे ई-सिगरेटवर, बंदी आली आणि आमच्यासारख्या आळशी, सिगरेट सोडलेल्या लोकांचे हाल सुरू झाले. तयार कॉइलचा, म्हणजे लिक्विड तापवून वाफ करणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा, खर्च बघून मी स्वतः तार गुंडाळायच्या वेपकडे वळलो. चार पैशांची तार, लिक्विड शोषायला चिमूटभर कापूस, झालं! असं दुकानातला पोरगा म्हणाला. झालं काही नाही.

पहिला प्रश्न, ओहम किती, म्हणजे तार विजेला अडवणार किती? त्या पोराच्या मते ०.२. त्याच्या तोंडून निघालेल्या ढगात दुकानाची पाटी दिसेनाशी झाली होती. मला ढग नको होते. सिगरेटसारखा बारीक, तोंडात घोळवून मग आत घ्यायचा झुरका हवा होता, म्हणजे एक ओहमच्या वरची कॉइल. हे सांगितल्यावर त्याने मला अशा नजरेने पाहिलं, जणू मी नव्या गाडीला पायडल मागितलं.

आपल्याला वाटतं, जास्त ओहम म्हणजे जास्त ताकद. उलटं आहे. भरलेल्या सेलचे ४.२ व्होल्ट थेट ०.२ ओहमवर सोडले की २१ अँपिअर वाहतात, ८८ वॉट होतात. तेच १.२ ओहमला साडेतीन अँपिअर आणि जेमतेम १५ वॉट. शिवाय बारीक झुरक्यासाठी घेतलेलं १२ मिलिग्रॅम निकोटिनचं लिक्विड ८८ वॉटवर ओढलं, तर सिगरेट काय, जेवणसुद्धा सुटेल.

पण ओहम वाढवायचा म्हणजे तार बारीक आणि वेढे जास्त. २८ गेज जाडीची कंथाल (तापण्यासाठीच्या मिश्रधातूची तार), अडीच मिलिमीटरच्या दांड्यावर सात वेढे, की सव्वा ओहमच्या आसपास येतं. कागदावर. प्रत्यक्षात ती तार स्क्रूखाली जाईपर्यंत दोनदा निसटते, एकदा बोटात घुसते आणि नेलकटरने कापलेलं तिचं टोक गालिच्यात असं गडप होतं, की पुढे ते फक्त अनवाणी पायालाच सापडतं. मग कापूस न घालता बटण दाबून बघायचं. कॉइल मधून लाल होत कडेला गेली पाहिजे. माझी एका कडेलाच पेटायची आणि बाकीचे वेढे ढिम्म.

अशात सांगलीहून सासरे आले. एमएसईबीतून निवृत्त इंजिनिअर. मंडळाच्या कंपन्या होऊन वीस वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी एमएसईबीच. भारतात ई-सिगरेटला २०१९पासून बंदी, त्यामुळे हा प्रकार त्यांनी पाहिलेला नव्हता. लेकीने त्यांना बजावूनच आणलं होतं, ‘बाबा, तुम्ही तरी समजावा ह्यांना.’

दुपारी मी टेबलावर पसारा मांडलेला असताना ते मागे येऊन उभे राहिले. मी घाईघाईने वर्तमानपत्र पांघरलं.

‘राहू द्या, जावईबापू. काय आहे ते?’

मी सांगितलं. सोबत त्या पोराची ०.२ ओहमची शिफारसही.

‘पॉइंट टू?’ ते खुर्ची ओढून बसले. ‘अहो, ह्याला आमच्याकडे शॉर्टसर्किट म्हणायचे. लाइनमनला मेमो दिला असता मी.’

मग चष्मा वर गेला. माझे वेढे त्यांनी नुसते पाहून नापास केले. ‘एकमेकांवर चढलेत. जिथे वेढे भिडतात तिथे करंट आडवाटेने जातो, तिथेच तापतं.’ दोन सेकंद बटण दाबून सोडायचं, कॉइल विझली की सिरॅमिकच्या चिमट्याने हलकेच दाबायची, पुन्हा बटण. तिसऱ्या खेपेला कॉइल बरोब्बर मधून उजळली. कापूस मात्र त्यांनी मलाच घालायला लावला. व्यसनाला हातभार नको, म्हणाले. मी तो ठासून भरला, तेव्हा राहवलं नाही. ‘सैल ठेवा. लिक्विड वर चढणार कसं? नुसता कापूस जळेल.’

स्क्रीनवर आकडा आला, १.२१. लगेच १.२४ झाला.

‘स्क्रू ढिला आहे,’ सासरे कुजबुजले.

तेवढ्यात ही चहा घेऊन आली. टेबलावर पक्कड, तार, देवघरातून गायब झालेला वातींचा कापूस, आणि दोन डोकी एकाच वेपवर वाकलेली.

‘बाबा! तुम्ही ह्यांना सोडायला सांगणार होतात ना?’

‘सांगतो, सांगतो,’ सासरे मान वर न करता म्हणाले, ‘आधी रीडिंग स्थिर होऊ दे.’