बाखबुवांचा विरंगुळा

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांनी १७३१ साली लाइपझिगमध्ये आपल्या सहा पार्टिटा, म्हणजे नृत्यांच्या माळा, पदरमोड करून एकत्र छापल्या, तेव्हा मुखपृष्ठावर आतल्या ऐवजाची रीतसर यादी दिली. आलमांद, कूरांत, साराबांद, जीग, मेन्युएट अशी नृत्यांची नावे तीत आहेत आणि हे सारे संगीतप्रेमींच्या मनाच्या विरंगुळ्यासाठी रचले आहे, असेही तिथेच स्वच्छ लिहिले आहे. आजच्या काळात विकाऊ वस्तूवर असा दावा छापला असता, तर कोणीतरी ग्राहक मंचाकडे केव्हाच धाव घेतली असती. ही नृत्ये आधुनिक पियानोवर बसवण्याचा खटाटोप मी चाळिशी उलटल्यावर आरंभला असल्यामुळे, विरंगुळ्याच्या या कलमाबाबत मला थोडे म्हणायचे आहे.

मी त्याच लाइपझिगमध्ये राहते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही येथे आलो. ज्या शहरात बाखबुवांनी १७२३ पासून १७५० मध्ये देह ठेवीपर्यंत सेंट थॉमस चर्चची चाकरी केली, त्या शहरात राहून त्यांचे एकही पान न वाजवणे म्हणजे आळंदीत बिऱ्हाड करून ज्ञानेश्वरी न उघडण्यासारखे आहे, असे मला वाटू लागले. शिवाय माझे माहेर मिरजेचे; पेटी मी लहानपणापासून वाजवत आले, भजनांना साथ केली, तेव्हा पट्ट्यांची भीती नव्हती. पट्ट्या त्याच, काळ्या-पांढऱ्या, फक्त संख्येने जास्त, एवढाच काय तो फरक, असा माझा हिशेब होता.

त्या हिशेबात डावा हात धरायचा राहिला होता. पेटीवर उजव्या हाताने सूर लावायचे आणि डाव्याने भाता सांभाळायचा, ही आमच्या घरची श्रमविभागणी. माझ्या डाव्या हाताला आयुष्यभर एकच जबाबदारी दिलेली होती, ती म्हणजे हवा कमी पडू द्यायची नाही. आणि ती त्याने इतक्या इमानाने पार पाडली की दुसरे काही शिकण्याची वेळच त्याच्यावर आली नाही. बाखबुवांच्या नृत्यांत डावा हात साथीला नसतो. त्याला स्वतःची चाल असते, स्वतःचा श्वास असतो आणि उजव्या हाताने काही म्हटले की त्याला उलट उत्तर देण्याचा हक्कही असतो. माझा डावा हात हा हक्क बजावत नाही. उजव्या हाताचा एखादा सूर लांबला, की तो पट्ट्या सोडून वर उठतो आणि रिकाम्या हवेत दोनदा भाता ओढून परत येतो. "पियानोला हवा लागत नाही," असे आमच्या पियानो शिकवणाऱ्या बाई अतिशय सभ्यपणे सांगतात. बाई सत्तरीच्या आहेत, दुसऱ्या मजल्यावर राहतात, आणि त्यांचा सभ्यपणा जितका वाढतो तितकी परिस्थिती गंभीर समजावी, हे आता मला कळले आहे.

ही नृत्ये रचली गेली ती हार्पसिकॉर्ड आणि क्लॅविकॉर्ड या वाद्यांसाठी. हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की पक्ष्याच्या पिसाच्या देठाचा एक तुकडा तार छेडतो, आणि पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच निघतो. पेटीचेही तसेच आहे; जोर असतो भात्यात, बोटात नव्हे. पियानोत मात्र हातोडी तारेवर आदळते आणि प्रत्येक बोटाचे वजन जगजाहीर होते. माझा अंगठा जेथे पडतो, तो सूर विनाकारण ठासून बाहेर येतो, मग ते एखाद्या वाक्याचे अगदी नाजूक शेपूट का असेना. कार्ल फिलिप एमानुएल या बाखबुवांच्या चिरंजिवांनी १७५३ च्या आपल्या ग्रंथात वडिलांची एक आठवण नोंदवली आहे : वडिलांच्या तरुणपणी थोर थोर वादकसुद्धा बोटे फार लांब ताणायची असल्याखेरीज अंगठा वापरत नसत. हे वाचून मी मोठ्या आशेने बाईंकडे अंगठा वगळण्याची परवानगी मागितली. अंगठ्याला कामाला लावणारे गृहस्थ तेच वडील होते, असे त्यांनी अतिशय सभ्यपणे सांगितले.

पट्टीच्या जडपणाविषयीची माझी तक्रार मात्र बाईंना खोडता आली नाही, कारण त्या बाबतीत खुद्द बुवा माझ्या बाजूने आहेत. गॉटफ्रीड सिल्बरमान या कारागिराने बनवलेला सुरुवातीचा पियानो त्यांनी वाजवून पाहिला, नादाची वाखाणणी केली आणि वरच्या पट्टीतले सूर दुबळे आहेत व वाजवायला तो फार जड आहे, असा शेराही मारला, असे त्यांचे शिष्य आग्रिकोला यांनी लिहून ठेवले आहे. पियानोचा जनक बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७२६ मध्ये केलेला एक पियानो आमच्या गावातल्या ग्रासी संग्रहालयात आहे. बाखबुवांची पहिली पार्टिटा सुटी छापून निघाली तीही १७२६ मध्येच. मी त्या पियानोसमोर बराच वेळ उभी राहिले. लहानसा, सडपातळ, कोणाचे काही वाईट करील असे वाटत नाही.

जड पट्टीचा खरा जाच होतो तो अलंकारांत. येथे तरी माझी बाजू भक्कम असेल असे मी धरून चालले होते, कारण खटके आणि मुरक्या पेटीवर वाजवण्यात माझे बालपण गेले आहे. परंतु आमच्याकडे मुरकी ही मनाची लहर असते आणि येथे तिचे कोष्टक असते. बाखबुवांनी १७२० मध्ये आपल्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, एक वही घातली आणि तिच्या सुरुवातीला तेरा खुणांचा तक्ता लिहिला. कोणती नागमोडी रेघ दिसली असता कोणते सूर कोणत्या क्रमाने वाजवायचे, ते त्यात सांगितले आहे. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. रेघ नुसती नागमोडी असेल तर कंप, म्हणजे दोन शेजारच्या सुरांची भराभर ये-जा; तिला मधोमध उभी चीर असेल तर मोर्डेंट, म्हणजे खालच्या सुराला झटकन शिवून परत येणे. कंप सुरू करायचा तो वरच्या सुरावरून, आणि तोही नेमका मात्रेवर, मात्रेच्या आधी नाही. माझ्या बोटांना मात्र सवय मुख्य सुरावर उभे राहून मग इकडेतिकडे पाहण्याची. हार्पसिकॉर्डची पट्टी जरा स्पर्श केला की बोलते. पियानोची पट्टी सुमारे दहा मिलिमीटर खाली जाते, पुन्हा वर येते, आणि चौथ्या-पाचव्या बोटाने हे ये-जा करवून घेईतो पुढची मात्रा येऊन उभी राहिलेली असते. एका कंपापायी मी गव्होत या नृत्यातल्या सगळ्या नर्तकांना एक पाय हवेत धरून ताटकळत ठेवते, असे बाईंचे निरीक्षण आहे.

या ताटकळलेल्या नर्तकांचा बाईंना फार कळवळा आहे. बोटांना लय येत नाही कारण पायांना ती ठाऊक नाही, असा त्यांचा सिद्धान्त असून तो त्या केवळ बोलून सोडून देत नाहीत. मेन्युएटचा धडा सुरू झाला त्या दिवशी त्यांनी मला पियानोवर बसूच दिले नाही. आधी सतरंजी गुंडाळली, खुर्च्या भिंतीला लावल्या आणि मेन्युएटचे पाऊल दाखवले. ते मोठे लबाड पाऊल आहे. संगीत तीन-तीन मात्रांचे असते, पण पाऊल पुरे व्हायला सहा मात्रा लागतात, आणि त्या सहा मात्रांत पावले पडतात ती चार. पहिल्या मात्रेच्या किंचित आधी गुडघे वाकवायचे, मात्रेवर चवड्यांवर उंच व्हायचे, पुन्हा वाकायचे, पुन्हा उठायचे, मग दोन साधी पावले चालायची. आणि हे करताना चेहऱ्यावर आपण चौदाव्या लुईच्या दरबारात कोणाच्या तरी नजरेत भरत आहोत, असा भाव ठेवायचा. माझ्या गुडघ्यांनी दरबारी भाव दाखवण्यास साफ नकार दिला. तरी एक गोष्ट खरी, की तीन-तीन मात्रांचे दोन खंड मिळून एक पाऊल होते हे पायांना कळल्यावर, बोटांची प्रत्येक तिसऱ्या मात्रेला ठेच लागणे थांबले.

त्या धड्यातला मेन्युएट होता जी मेजरमधला, जगातला प्रत्येक विद्यार्थी बाखचा म्हणून वाजवतो तो. बाखबुवांच्या पत्नी आना माग्दालेना यांच्या १७२५ च्या वहीत तो आहे खरा, परंतु रचना ड्रेस्डेनचे ऑर्गनवादक ख्रिस्टियान पेट्झोल्ड यांची, हे १९७० च्या दशकात उजेडात आले. म्हणजे एवढी वर्षे जगभरच्या मुलांनी बाखबुवांना घातलेल्या शिव्या वास्तविक पेट्झोल्ड यांच्या नावे जमा करायला हव्यात.

गव्होत मात्र मला पहिल्याच बैठकीत आला आणि बाई थक्क झाल्या. फ्रेंच स्वीट या बाखबुवांच्या आणखी काही नृत्यमाला; त्यांतल्या पाचव्या स्वीटमधला तो गव्होत खंडाच्या मधूनच सुरू होतो. अर्धा खंड आधी उचल घ्यायची आणि मग समेवर यायचे. बाईंचे इतर विद्यार्थी म्हणे या उचलीवर आठवडेच्या आठवडे अडखळतात. आम्हाला यात नवल ते काय? तीनतालातल्या कितीतरी बंदिशींचा मुखडा नवव्या मात्रेला, म्हणजे खालीच्या मात्रेवर सुरू होतो. समेच्या आधी निघून समेवर हजर व्हायचे, हे तर मिरजेतले पोरही जाणते. मी त्या दिवशी घरी जाताना ट्राममध्ये बसले नाही, ऐटीत चालत गेले.

ही ऐट कूरांतने उतरवली. त्याच सुमारास सासूबाई उन्हाळ्यापुरत्या आमच्याकडे आल्या होत्या. त्या भजनी मंडळात टाळ धरणाऱ्या, तालाच्या एकदम पक्क्या. मी पहिल्या फ्रेंच स्वीटमधला डी मायनरचा कूरांत वाजवू लागले, की त्या जेवणाच्या टेबलावर बोटांनी ठेका धरत. सहा मात्रा ऐकून त्यांनी आपखुशीने दादरा धरला. धा धी ना, धा ती ना. आता फ्रेंच पद्धतीच्या कूरांतची खोडी अशी, की त्यातल्या सहा मात्रा कधी दोन-दोनच्या तीन गटांत चालतात आणि कधी तीन-तीनच्या दोन गटांत, आणि कूस बदलताना कोणाला कळवत नाहीत. कधी कधी तर एक हात एका हिशेबाने चालतो आणि दुसरा दुसऱ्या.

"अगं, दादरा सोडून कुठे निघालीस?" सासूबाई.

"आई, लिहिलेच तसे आहे."

"लिहिणाऱ्याला कोणी विचारले नाही का?"

१७३९ मध्ये मात्थेसन नावाच्या जर्मन पंडिताने लिहिले आहे, की कूरांतमधून गोड अशी आशा व्यक्त व्हायला हवी. माझ्या कूरांतमधून ती पुरेपूर व्यक्त होते. आता हा संपेल, अशी आशा आमच्या घरात प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसते. पण तो संपत नाही, कारण या नृत्यांचा प्रत्येक अर्धा भाग दोनदा वाजवायचा असतो.

साराबांदवर सासूबाईंचा विशेष लोभ जडला. त्याची गती संथ, तीन मात्रांची, आणि वजन बहुधा दुसऱ्या मात्रेवर. स्पेनमध्ये १५८३ मध्ये याच नावाच्या गाण्या-नाचण्यावर अश्लील म्हणून बंदी आली होती, ही हकिकत मी त्यांना सांगितली. पुढे फ्रान्सच्या दरबारात जाऊन तो असा गंभीर आणि भारदस्त झाला, यावर त्यांनी मान डोलावली आणि गावाकडच्या एका माजी सरपंचांचे नाव घेतले. साराबांदमध्ये माझा शत्रू म्हणजे उजवा पाय. सूर संपत आला की तो पेडलकडे सरकतो. एकदा पेडल दाबले की सगळे सूर एकमेकांत मिसळून असा काही घुमारा होतो, की चुकाही भारदस्त वाटू लागतात. हार्पसिकॉर्डला असे पेडल नसते. त्यामुळे बाई मला दोन्ही पाय खुर्चीखाली अढी घालून बसायला लावतात, आणि पाय तिकडे अडकले की डावा हात भाता ओढायला मोकळा होतो.

सराव मी घरी डिजिटल पियानोवर, कानांना हेडफोन लावून करते, कारण आमच्या इमारतीच्या नियमावलीत दुपारी १ ते ३ आणि रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळण्याचे कलम आहे. हेडफोनमुळे सूर माझ्या कानात राहतात. पट्ट्यांचा ठक-ठक आवाज मात्र लाकडी जमिनीतून थेट खालच्या आजींच्या छतात उतरतो. या आजी तरुणपणी लोकनृत्याच्या पथकात नाचत असत. सूर नाही, रचनेचे नाव नाही, नुसती ठकठक, तरीही जिन्यात भेटल्या की सांगतात, "काल गव्होत होता ना? छान होता. परवाचे काय होते ते मला ओळखता आले नाही." परवा कूरांत होता. परीक्षकांनी सुरांवर भाळून गुण दिल्याचे मी ऐकले आहे, पण या आजींना भुलवायला माझ्याकडे एकही सूर नाही.

मग जीग आला. पाचव्या फ्रेंच स्वीटचा शेवटचा नाच; बारा-बारा बारीक स्वरांची सलग धाव, दोन्ही हात एकमेकांच्या मागे, आणि उत्तरार्धात तीच चाल खालचे वर करून उलटी मांडलेली, म्हणजे पूर्वार्धात बोटांनी जे पाठ केले ते सगळे विसरण्याची सोय. मी तो अगदी सावकाश, ठोकळ्या-ठोकळ्यांनी बसवला आणि हळूहळू वेग वाढवला. अखेर एका संध्याकाळी आजी जिन्यात थांबल्या आणि त्यांनी अत्यंत आस्थेने विचारले, "तुम्ही शिवणयंत्र घेतलेत का?"

मला आनंदाचे भरते आले. माझा डावा हात, मिरजेचा भातेकरी, यंत्राइतका एकसारखा चालू लागला होता! पुढच्या तासाला मी ही पावती बाईंना अभिमानाने सादर केली. बाईंनी चष्मा काढला. या देशात जुने संगीत जीव ओतल्याशिवाय, नुसते कातरत वाजवणाऱ्याला लोक शिवणयंत्रच म्हणतात, असे त्यांनी पूर्वी कधीही न दाखवलेल्या सभ्यपणाने सांगितले, आणि सतरंजी गुंडाळायला घेतली. मेन्युएटमध्ये निदान चालायचे असते. जीगमध्ये उड्या मारायच्या असतात, हे मला त्या दिवशी कळले. बाईंच्या खालच्या मजल्यावर कोण राहते, ते मी अजून विचारलेले नाही.