नोटीस बोर्डाचा फोटो

भाचीच्या लग्नाची पत्रिका अजून छापायलाही गेली नव्हती आणि साताऱ्याला तिच्या चुलत काकांच्या मोबाईलवर सगळं पोचलेलं होतं. नाव, वय, पत्ता, दोघांचे फोटो, मुलाचं गाव. पत्रिका नव्हे हो, नोटीस. लग्नाच्या नोंदणीच्या ऑफिसातल्या बोर्डावर लावलेली, कुणीतरी मोबाईलने तिचा फोटो काढला, कुठल्यातरी ग्रुपवर टाकला, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या, आणि फिरत फिरत आमच्याच पाहुण्यांच्या ग्रुपवर "ही आपलीच ना?" अशी ओळ चिकटवून आली.

मुलगा वसईचा, ख्रिश्चन, घरात आमच्यापेक्षा जुनं मराठी बोलतात. नोटिशीत धर्माचा रकाना नसतो, पण आडनाव वाचून लोकांना जे कळायचं ते कळतंच. ताई आणि दाजींना सगळं आधीपासून माहीत होतं, दाजी तर दोनदा वसईला जाऊन मासे खाऊन आले होते, म्हणजे पळून जाणं, लपवणं असला काही प्रकारच नव्हता. तरी पुढचे पंधरा दिवस फोन. एक अनोळखी माणूस दाजींना म्हणाला, मुलीला वाचवा, अजून वेळ गेलेली नाही. नंबर कुठून मिळाला देव जाणे. एके दिवशी दोन जण बिल्डिंगच्या गेटवर येऊन वॉचमनला विचारून गेले की अमुक मुलगी इथेच राहते का. झालं काही नाही. पण त्यानंतर आठ दिवस दाजी भाचीला स्टेशनवर सोडायला आणि आणायला जात होते, आणि एकोणतीस वर्षांच्या नोकरी करणाऱ्या मुलीला असं नेऊन सोडावं लागणं हे काही नाही म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

आपल्याकडे याला कोर्ट मॅरेज म्हणतात, पण यात कोर्टाचा काडीचा संबंध नसतो. विवाह अधिकारी म्हणून एक सरकारी अधिकारी असतो, तो लावतो लग्न. कायदा १९५४ चा, विशेष विवाह कायदा. लग्नाआधी नोटीस द्यायची, ती ऑफिसात ठळक जागी लावायची, तीस दिवस थांबायचं, त्या काळात कुणीही येऊन हरकत घेऊ शकतो. कुणीही म्हणजे खरंच कुणीही, ओळखदेख लागत नाही. हरकतीची कारणं मात्र ठरलेली आहेत, म्हणजे आधीचा नवरा किंवा बायको हयात आहे, वय कमी आहे, नात्यात लग्न होतंय, असली. "मला पटत नाही" हे कारण त्यात नाही. शिवाय दोघांपैकी एकाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत तिकडच्या बोर्डावरही लागते, म्हणून आमची ठाण्यातही लागली आणि पालघर जिल्ह्यातही. फोटो कुठला होता ते आजपर्यंत कळलेलं नाही.

आता गंमत बघा, भाचीने आमच्याच जातीतला मुलगा केला असता आणि हॉल घेऊन सप्तपदी केली असती तर हिंदू विवाह कायद्यात असली कुठलीही नोटीस नाही. सकाळी ठरलं, संध्याकाळी लग्न, चालतं.

१९५४ साली नोटीस बोर्ड म्हणजे काय होतं, ऑफिसात कामाला आलेली पाच-पन्नास माणसं जाता येता बघणार. त्या बोर्डाला पाय नव्हते. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि एका बोटात अडीचशे माणसांचा ग्रुप आहे. नोटिशीचा नियम तोच आहे, पण बोर्ड साताऱ्यापर्यंत चालत गेला. केरळमध्ये तर या नोटिसा सरकारी वेबसाइटवरच असायच्या, लोक त्या डाऊनलोड करून वेगळ्या धर्माच्या जोड्यांच्या याद्या फिरवायला लागले, तेव्हा २०२० मध्ये तिथल्या सरकारने त्या वेबसाइटवर टाकणं बंद केलं. बोर्डावर लावणं तिथेही चालूच.

कोर्टांनी यावर काहीच म्हटलेलं नाही असं मात्र नाही. दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्येच सांगितलं होतं की या नोटिसा जोडप्याच्या घरच्या पत्त्यावर पाठवू नका. मग २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ती केस आधारवरून सुरू झालेली, तेव्हा सगळे डेटा, मोबाईल, कंपन्या यावरच बोलत होते, लग्नाचा विचार निदान माझ्या तरी मनात आला नव्हता. पण त्याच निकालाचा आधार घेऊन जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने म्हटलं की जोडप्याने स्वतः लेखी मागितल्याशिवाय ही नोटीस लावायची नाही, सक्ती केली तर तो त्यांच्या स्वातंत्र्यावर आणि खासगीपणावर घाला. मी तो निकाल मोबाईलवर शोधून, प्रिंट काढून, पिवळ्या मार्करने रेघा मारून घेऊन गेले होते. मावशी जोरात होती.

काउंटरवरच्या माणसाने शांतपणे वाचला, खरंच वाचला, आणि म्हणाला, "मॅडम, बरोबर आहे, पण हे अलाहाबादचं. आमच्याकडे लेखी काही आलेलं नाही. कायद्यात लावा म्हटलंय, मी नाही लावली आणि उद्या चौकशी झाली तर?" ओळखीच्या वकिलांनी पण तेच सांगितलं, दुसऱ्या राज्याच्या हायकोर्टाचा निकाल इथे दाखवता येतो, लादता येत नाही.

मला त्या माणसाचा रागच येईना. कारण मी स्वतः बावीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेय, बँकेत. कस्टमर येतात, मोबाईलवर बातमी दाखवतात, "बघा सरकारने जाहीर केलं", आणि मी म्हणते, काका, सर्क्युलर येऊ द्या. बातमीवर मी एक रुपया हलवत नाही. मग त्याने माझ्या पिवळ्या रेघांवर नोटीस का थांबवावी?

पण बाहेर येऊन कोर्टनाक्यावर रिक्षाची वाट बघताना डोक्यात जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही, म्हणून ही पोस्ट.

पालघर म्हटलं की मला २०१२ आठवतं. तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा २०१४ ला झाला. बाळासाहेब गेले, मुंबई बंद होती, आणि तिथल्या एका मुलीने फेसबुकवर विचारलं की हा बंद कशासाठी, दुसरीने ते लाइक केलं. दोघींना अटक. लाइक करणारीला सुद्धा. पोस्ट टाकणारीच्या काकांचा दवाखाना फोडला. माझं फेसबुक तेव्हा नवीन नवीन होतं आणि खोटं कशाला सांगू, मी त्या आठवड्यात माझ्या दोन-तीन कमेंट गुपचूप डिलीट केल्या होत्या, त्यात काही नव्हतं तरी. ज्या कलमांखाली त्यांना पकडलं त्यात आयटी कायद्याचं ६६ए होतं. कुणाला त्रास होईल, गैरसोय होईल असं काही ऑनलाइन पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. गैरसोय! माझ्या अर्ध्या पोस्ट त्यात बसतील. श्रेया सिंघल नावाच्या मुलीने याविरुद्ध सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला ते कलम रद्द झालं. त्याच निकालात हेही आलं की कोर्टाचा आदेश किंवा सरकारची रीतसर सूचना असल्याशिवाय, नुसत्या कुणाच्या तक्रारीवर, फेसबुकसारख्या कंपनीवर मजकूर उतरवायची सक्ती नाही. आज आपण इथे जे काही बरळतो त्यामागे हा निकाल आहे.

आणि पुढे काय झालं? कलम मेलं, पण पोलिस स्टेशनमध्ये जिवंत. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे आकडे आले की रद्द झाल्यानंतरही अकरा राज्यांत मिळून १३०७ केसेस याच ६६ए खाली दाखल झाल्यात, आणि त्यात सगळ्यात जास्त, ३८१, आपल्या महाराष्ट्रात. कोर्टाने याला धक्कादायक म्हटलं. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा आदेश, की बाबांनो या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका. म्हणजे नसलेल्या कलमाखाली खटले चालवू नका हे सांगायला साडेसात वर्षांनी वेगळा आदेश. ठाणे अंमलदाराच्या टेबलावरच्या पुस्तकात कलम छापलेलं आहे, त्याच्यावर कुणी पट्टी चिकटवलेली नाही, तो लावणारच.

आता उलटं उदाहरण. घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत दोघं जण राहतात, दोघंही पुरुष, सात-आठ वर्षं एकत्र. (त्यांना विचारून लिहितेय, आणि कोण ते ओळखायचा उद्योग कृपया करू नका.) १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टात समलिंगी विवाहाचा निकाल लागला तेव्हा त्यांच्याकडे टीव्ही चालू होता, मी खाली भाजी घ्यायला गेलेले, वर आले तर बंद. पाचही न्यायाधीश म्हणाले की लग्न करणं हा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा. लग्न नाही तर निदान नात्याला काही मान्यता, त्यावरही तीन विरुद्ध दोन, म्हणजे नाहीच. तेच सुप्रीम कोर्ट २०१८ मध्ये हादियाच्या, म्हणजे केरळमधल्या धर्म बदलून लग्न केलेल्या मुलीच्या, केसमध्ये म्हणालं होतं की आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न करणं हा घटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे. आता या दोन वाक्यांत विरोध नाही हे वकील लोक मला समजावतात, मी मान डोलावते, पण मला ते नीट गिळता आलेलं नाही.

तर केस हरली. पण सुनावणीत सरकारने कबूल केलं होतं की रोजच्या अडचणी बघायला समिती नेमू, ती नेमली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थमंत्रालयाने स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना जॉइंट अकाउंट उघडायला, एकमेकांना नॉमिनी करायला कसलंही बंधन नाही. खरं सांगायचं तर बंधन आधीही नव्हतं, कुठल्याही दोन माणसांना जॉइंट अकाउंट उघडता येतं. पण फॉर्मवर "नातं" असा रकाना असतो, आणि काउंटरवरची माणसं (म्हणजे मी) वर बघून विचारतात, "काय लिहू?" यांनी आधी "मित्र" लिहिलेलं. सप्टेंबरमध्ये दोघं परत आले, नॉमिनी बदलायचा होता, आणि मी या वेळी काही विचारलं नाही, कारण माझ्याकडे कागद होता.

हे बघा कसं झालंय. जिंकलेल्या निकालाचा कागद पोलिस स्टेशनपर्यंत गेला नाही, हरलेल्या केसमधून माझ्या टेबलावर आला. मी काही कोर्टाला कमी लेखत नाहीये. आपल्याच मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारचं ते फॅक्ट चेक युनिट रद्द केलं नसतं तर सरकारबद्दलची कुठली बातमी खोटी हे सरकारच ठरवत बसलं असतं. तिथे तर दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही म्हणून तिसऱ्यांकडे गेलं, एवढं काठावरचं होतं. पण आपण निकालाच्या दिवशी जल्लोष करतो, डीपी बदलतो आणि घरी जातो. कागद कुणी काढला का, कुठल्या ऑफिसला गेला, हे कुणी विचारत नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली तेव्हा केंटकीमध्ये लग्नाचं लायसन्स देणाऱ्या क्लार्कबाई, किम डेव्हिस, त्यांनी देणार नाही म्हणून सांगितलं, कोर्टाने त्यांना काही दिवस तुरुंगात बसवलं. आपल्याकडचा काउंटरवाला नाही म्हणत नाही, तो "लेखी आलं नाही" म्हणतो, आणि त्यासाठी कुणालाच तुरुंगात टाकता येत नाही.

एक राहिलंच. काही जण म्हणतील खासगीपणा खासगीपणा काय करता. तर तो कोर्टानेही सरसकट दिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नवरा-बायकोपैकी एकाने दुसऱ्याचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड केलं असेल तर घटस्फोटाच्या केसमध्ये ते पुरावा म्हणून चालेल. हायकोर्टाने आधी नको म्हटलं होतं. मला हा निकाल आवडला नाही, पण छळ सोसणाऱ्या बाईकडे दुसरा पुरावा असतो तरी कुठे, हेही खरं आहे. म्हणजे लग्नाच्या आत खासगीपणा पातळ, आणि लग्नाच्या आधी, जेव्हा सगळ्यात जास्त गरज, तेव्हा बोर्डावर टांगलेला.

मला फार मोठं काही नकोय. कायदा बदलायला संसद लागते ते मला कळतं. पण राज्य सरकारला एक परिपत्रक काढता येणार नाही का, की बोर्ड काचेच्या आत, ऑफिसच्या आत, आणि मोबाईलने फोटो काढायला मनाई? हरकत ज्याला घ्यायचीय त्याने आत यावं, नाव सांगावं, रजिस्टर बघावं. बँकेत आम्ही एटीएमजवळ फोटो काढू देत नाही.

लग्न झालं. तीस दिवस पूर्ण झाल्यावरच्या पहिल्या मंगळवारी, तीन साक्षीदार लागतात, त्यातली एक मी. वसईहून मुलाची आत्या टोपलीभर केळी घेऊन आलेली. साताऱ्याचे काका पण आले, काही बोलले नाहीत, पाकीट दिलं, फोटोत उभे राहिले.

निघताना बघते तर आमची नोटीस अजून बोर्डावर, आणि बाजूलाच एक पोरगा मोबाईल वर धरून उभा. माझं डोकंच फिरलं, सरळ जाऊन हात धरला, "काय काढतोयस रे?" तो दचकला, शेजारच्या नोटिशीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "आमचीच आहे काकू. आईला पाठवतोय, गावाला."