विंडोज १० ‘बंद’ झालं म्हणून कॉम्प्युटर भंगारात देऊ नका

एक संदेश गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे सात-आठ वेळा आला. कधी सोसायटीच्या गटातून, कधी शाळेच्या जुन्या मित्रांकडून, कधी नातेवाइकांकडून. शब्द थोडे बदलतात, मजकूर साधारण असा असतो:

‘विंडोज १० कायमचं बंद झालं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर असा कॉम्प्युटर वापरणं धोक्याचं आहे. बँकेच्या साइट उघडणार नाहीत, फाइली उडतील. जुन्या मशीनवर विंडोज ११ चालत नाही. लिनक्स इंजिनीअर लोकांसाठी असतं, त्यात मराठी येत नाही. जुना कॉम्प्युटर आजच विकून टाका. नवा परवडत नसेल तर पाचशे रुपयांत विंडोज ११ टाकून मिळतं. सर्वांना पाठवा.’

यातली तारीख खरी आहे. बाकी बहुतेक मजकूर चुकीचा किंवा अर्धवट आहे, आणि त्यापायी लोकांचे पैसे जात आहेत. आमच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. हा संदेश वाचून त्या पेन्शनमधून नव्या लॅपटॉपचा हप्ता बांधून घ्यायला निघाल्या होत्या. घरचा डेस्कटॉप २०१६ सालचा, पण उत्तम चालणारा. त्या मला विचारायला आल्या म्हणून थांबल्या. न विचारता पैसे भरून मोकळे झालेले किती असतील, या विचाराने मला स्वस्थ बसवेना.

‘विंडोज १० बंद झालं.’

बंद झालं ते फुकट दुरुस्त्या पाठवणं. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं, आणि दहा वर्षांनी मायक्रोसॉफ्टने त्याचे नेहमीचे अपडेट थांबवले. १५ ऑक्टोबरच्या सकाळी कॉम्प्युटर तसाच सुरू झाला आणि पुढेही होत राहील. तो आपोआप बंद पडावा अशी कुठलीच सोय त्यात नाही.

पण म्हणून ‘काही होत नाही, दुर्लक्ष करा’ असं सांगणाऱ्यांच्या बाजूनेही मी नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभर धुमाकूळ घातला, लोकांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता ते सापडले. दुरुस्त्या मिळणं बंद झालं की अशी भोकं साठत जातात, म्हणून काहीतरी करायला हवं हे खरंच. फक्त ते ‘काहीतरी’ म्हणजे नवा लॅपटॉप, हे त्या संदेशाने परस्पर ठरवून टाकलं आहे.

त्याने जे सांगितलंच नाही ते असं. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे सुरक्षा अपडेट आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, देण्याची योजना ठेवली आहे. सेटिंग्जमध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, त्यात ‘विंडोज अपडेट’ उघडा. तिथे ‘एनरोल नाऊ’ दिसतं. ते दिसत नसेल तर आधी विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, २२एच२, आहे का ते बघा आणि राहिलेले अपडेट पूर्ण करा. नाव नोंदवायचे तीन मार्ग आहेत: विंडोजच्या सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ठेवल्या तर फुकट, त्यांचे एक हजार रिवॉर्ड पॉइंट देऊन, किंवा एकदाच ३० डॉलर भरून. कुठल्याही मार्गाने गेलं तरी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. ही सक्ती मला पटत नाही. तरीही पेन्शनरच्या खिशातले पन्नास हजार आणि एक ईमेल खातं यांत निवडायचं असेल तर मी खातं उघडून देईन. बाईंच्या कॉम्प्युटरवर हे काम चहा होईपर्यंत झालं, आणि एक रुपया लागला नाही.

‘बँकेच्या साइट उघडणार नाहीत.’

बँकेची साइट ब्राउझरमध्ये उघडते, आणि ब्राउझरचे अपडेट विंडोजच्या अपडेटपेक्षा वेगळे असतात. विंडोज ७ ची मुदत जानेवारी २०२० मध्ये संपली, तरी क्रोमच्या नव्या आवृत्त्या त्यावर २०२३ च्या सुरुवातीपर्यंत येत होत्या. विंडोजमधला डिफेंडर अँटीव्हायरसदेखील नव्या व्हायरसांची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत घेत राहणार आहे. मात्र अँटीव्हायरस ताजा आहे म्हणून वर सांगितलेली नोंदणी टाळू नका. अँटीव्हायरस चोर ओळखतो, दाराची मोडकी कडी तो बसवून देत नाही.

‘फाइली उडतील’ यात तर काहीच तथ्य नाही. मुदत संपली म्हणून एकही फाइल जात नाही. फाइली जातात त्या जुनी हार्डडिस्क बिघडल्यामुळे, किंवा घाईघाईत कोणीतरी फॉरमॅट मारल्यामुळे. त्यामुळे काहीही करायच्या आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. उतरवल्यावर त्यातल्या चार फाइली उघडूनही बघा.

‘जुन्या मशीनवर विंडोज ११ चालत नाही.’

किती जुन्या? इथे सरसकट बोलून चालत नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे विंडोज ११ ला चालतात, आणि आठवी पिढी २०१७ मध्ये आली. पिढी नावातच लिहिलेली असते. ‘आय ५’ च्या पुढे ८२५० असेल तर आठवी, ७२०० असेल तर सातवी, १०२१० सारखा पाच आकडी क्रमांक असेल तर दहावी. याशिवाय ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षेची सोय लागते. पुष्कळ कॉम्प्युटरमध्ये ती असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डवर तिचं नाव ‘पीटीटी’, एएमडीच्या बोर्डवर ‘एफटीपीएम’. प्रोसेसर चालणारा असेल तर ती नुसती चालू केली की ‘तुमचं मशीन पात्र नाही’ म्हणणारा कॉम्प्युटर बहुधा पात्र ठरतो. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे फुकट ॲप नेमकं काय अडतंय ते सांगतं. पात्र कॉम्प्युटरवर अस्सल विंडोज १० असेल तर ११ फुकट मिळतं. दुकानदाराने मेहनताना घ्यावा, तो त्याचा हक्क आहे. लायसन्सचे पैसे मागितले तर मात्र देऊ नका.

आणि ते पाचशे रुपयांचं विंडोज ११? या एका वाक्यासाठी तो संदेश पुढे पाठवू नये असं मला वाटतं. असं विंडोज बहुतेक वेळा ‘ॲक्टिव्हेटर’ चालवून चालू केलेलं असतं, आणि तो चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो. म्हणजे सुरक्षेच्या भीतीने निघालेला माणूस, कोणी लिहिलेला आहे हे माहीत नसलेला प्रोग्रॅम, राखणदाराला सुट्टी देऊन, स्वतःच घरात घेतो. मग त्याच कॉम्प्युटरवरून एफडी मोडतो, आयकर भरतो. त्यापेक्षा नोंदणी केलेलं विंडोज १० शतपटीने बरं. अपात्र मशीनवर अटी चुकवूनही ११ बसवता येतं, पण त्याला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यासाठी एवढी खटपट, तेच हाती लागेल की नाही याची खात्री नाही.

‘लिनक्स इंजिनीअर लोकांसाठी, त्यात मराठी येत नाही.’

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी फुकट प्रणाली, आणि ‘मिंट’ हा तिचा एक सोपा प्रकार. ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ कॉल, पत्रं लिहिणं, हिशेबाचा तक्ता, फोटो बघणं. घरात एवढंच होत असेल तर ‘लिनक्स मिंट’ पुरेसं आहे. खाली पट्टी, कोपऱ्यात मेन्यू, विंडोजची सवय असलेल्याला बुजायला होत नाही. पेन ड्राइव्हवरून ते नुसतं चालवून पाहता येतं, हार्डडिस्कला हात न लावता. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का हे आधीच कळतं. काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर खरंच त्रास देतात. टॅली लागत असेल, डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल किंवा ऑफिसच्या एक्सेलमध्ये मॅक्रो असतील, तर मी तुम्हाला लिनक्सकडे ढकलणार नाही.

मराठीचा मुद्दा मात्र सपशेल खोटा आहे. इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड आणि उच्चारानुसार टंकन, दोन्ही प्रकारे लिनक्सवर मराठी लिहिता येतं, आणि लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस प्रोग्रॅममध्ये देवनागरी व्यवस्थित उमटते. हा गैरसमज कुठून आला ते मला बाईंच्या कॉम्प्युटरवर दिसलं. त्यांनी आईच्या आणि मावश्यांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या वीस वर्षांपूर्वी टाइप करून ठेवल्या आहेत, एका जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरांवर अक्षरं सारखीच ओळखली जाण्याची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये. अशा फॉन्टमध्ये फाइलीत खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की इंग्रजी गिचमिड दिसते. लिनक्सवर पाहिली तर लोक म्हणतात, लिनक्समध्ये मराठी येत नाही. पण विंडोज ११ च्या कोऱ्या करकरीत लॅपटॉपवरही अगदी हेच दिसलं असतं. बाईंनी जुना डेस्कटॉप विकून टाकला असता तर फॉन्ट त्याच्याबरोबर गेला असता, आणि ओव्या असून वाचता आल्या नसत्या.

तुमच्याकडेही श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या काळातला मजकूर असेल तर आधी विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून तो फॉन्ट कॉपी करून ठेवा. नावाच्या शेवटी ‘.ttf’ असलेली साधी फाइल असेल तर ती लिनक्सवरही बसते. मग कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि ओळ न् ओळ तपासा. पहिली वेलांटी आणि रफार हमखास जागा चुकतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती दिसतात त्या क्रमाने टाइप होत, उच्चाराच्या क्रमाने नाही.

राहिला ‘जुना कॉम्प्युटर फार हळू चालतो’ हा टोला; संदेशात तो नाही, पण ऐकू हमखास येतो. बऱ्याचदा तो हळू असतो तो फिरत्या हार्डडिस्कमुळे. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, घातली की सुरू व्हायला काही मिनिटं घेणारं मशीन अर्ध्या मिनिटाच्या आत उभं राहतं. नवीन लॅपटॉपच्या किमतीचा लहानसा भाग त्यात जातो. हे करूनही भागत नसेल, स्क्रीन गेली असेल, बोर्ड जळला असेल, तर नवा जरूर घ्या. तेव्हाही जुनी डिस्क काढून स्वतःकडे ठेवा. आधार, पॅन आणि बँकेचे कागद तिच्यात असतात.

बाईंचं मशीन पात्र नव्हतं, प्रोसेसर सहाव्या पिढीचा. त्याला ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे अपडेट लावून दिले, एसएसडी बसवली. शेजारी मिंटचा पेन ड्राइव्ह ठेवला आहे, पुढच्या दिवाळीआधी तो बसवायचा. तोवर आमचं काम ओव्यांचं. पहिल्या साठ पानांच्या वेलांट्या लागल्या आहेत.