सुखाचे मार्क

आमच्या घरच्या ग्रुपवर महिन्या-दोन महिन्यांनी तोच वाद निघतो. "तुमच्या इंग्लंडात मायबापाला होममध्ये टाकतात, आपल्याकडं मरेपर्यंत सांभाळतात." लिहिणारा माझा थोरला भाऊ, लातूरला मास्तर. मी एवढंच विचारते, दादा, मग आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापायची वेळ लातूर जिल्हा परिषदेवर का आली? २०२१ मध्ये ज्यांचे पगार कापले त्यांत शिक्षकही होते. यावर दादा हात जोडलेला इमोजी टाकतो.

आणि होमचं म्हणाल, तर २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या पासष्टीपुढच्यांपैकी जेमतेम ३.२ टक्के माणसं तिथं होती. बाकीची आपापल्या घरी. (त्यातली कितीतरी एकटी, हे मी ग्रुपवर लिहीत नाही.)

पण म्हातारं माणूस सुखात आहे, हे मोजायचं कसं? इथं कॅस्प-१९ नावाची प्रश्नावली वापरतात. १९ वाक्यं, प्रत्येकाला 'बऱ्याचदा' ते 'कधीच नाही' यातलं एक उत्तर. एक वाक्य असं, की कुटुंबाच्या जबाबदाऱ्यांमुळं मला हवं ते करता येत नाही. 'बऱ्याचदा' म्हटलं की मार्क गेले. आता लेस्टरमधल्या आमच्या शेजारच्या गुजराती आजींना, बांना, हे विचारा. नातवाला शाळेतून आणायचं, संध्याकाळच्या रोटल्या करायच्या, यातच त्यांचा दिवस जातो. आणि त्याच जोरावर घरात त्यांचा शब्द चालतो. कागदावर मात्र तिथं त्यांचे मार्क कापलेले. शिवाय प्रश्न गुजरातीत सांगायला शेजारी बसलेली असते सून!

इनी ग्रेवाल, जेम्स नाझरू आणि सहकारी संशोधकांनी २००४ मध्ये छापलेल्या अभ्यासात इथल्या गोऱ्या, जमैकन, भारतीय, पाकिस्तानी वृद्धांशी सविस्तर बोलून म्हातारपणीच्या सुखाच्या सहा गोष्टी काढल्या: काही भूमिका असणं, माणसांचा आधार, पैसा, तब्येत, वेळ आणि स्वावलंबन. सगळ्या गटांत त्याच. नुसते मार्क मोजण्यापेक्षा हे मला पटतं.

दादाचं 'आपल्याकडं' म्हणजे तरी कुठं? बीडच्या बंजारा तांड्यावर दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांकडं निघतात. मागं उरतात म्हातारी आणि शाळेतली नातवंडं, हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत. 'पुढचा बेत आखायला मी मोकळी आहे' हे कॅस्पमधलंच वाक्य त्या आजीपुढं ठेवून बघा. पण गटवार बोलायचं म्हटलं की दादा म्हणतो, यात जात कशाला आणता.

इथं प्रत्येक फॉर्मवर 'एशियन ऑर एशियन ब्रिटिश: इंडियन' या चौकटीत मी खूण करते. म्हातारपणी माझी सरासरी बांबरोबर निघणार. त्यांचं कुटुंब युगांडातून आलेलं, माझं औशाजवळचं. त्यांच्या घरातली भाषासुद्धा मला धड येत नाही. लातूरच्या हिशेबात तर मी कुठंच बसत नाही. हे सुचतं तेव्हा दादाशी भांडायला आणखी जोर चढतो.

माय दादाकडंच असते. फोनवर विचारलं की "बरं हाय", बास. मागं मी दादाला म्हटलं, तिला ते १९ प्रश्न तू वाचून दाखव. म्हणाला, "माझ्यासमोर खरं बोलंल का ती?"

"मग ग्रुपवर कशाच्या जोरावर लिहितोस?"

"तुझ्यासमोर बोलती का?"

हे फोनवर झालं, ग्रुपवर नाही, ते एक बरं.