गुरुजींच्या सत्कारावर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गुरुजींचा परवा सत्कार झाला आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: जुनी देवळं, दगड जपायला सरकारी पुरातत्त्व खातं आहे, गुरुजींकडे इतिहासाची डिग्री नाही, आणि वाचले ते पण कन्नड शिलालेख, मग शाल-श्रीफळ कशाला? पुढं पाठवणाऱ्यांत आपलीच माणसं दिसली म्हणून लिहायला बसलो.

खातं आहे की, कोण नाही म्हणतंय, पण ते बघतं संरक्षित यादीतलं. केंद्राच्या यादीत अख्ख्या देशातली मिळून सुमारे ३,७०० स्मारकं, राज्याची यादी वेगळी, पण तुमच्या गावातल्या मारुतीच्या देवळामागचा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मारकदगड, यातल्या कुठल्या यादीत आहे सांगा. जीर्णोद्धार निघाला, जेसीबी आला की असले दगड बांधकामाच्या पायात नाहीतर गटारीवर जातात. त्या वेळी पंचायतीत जाऊन अध्यक्षांना, पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) गाठून दगड बाजूला काढायला लावणारा माणूस म्हणजे गुरुजी. एका वीरगळाला कुणीतरी भक्तीनं शेंदरी ऑइल पेंट फासला होता, खाली लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर पिंडीची पूजा, सगळं एकाच थरात बुडालेलं. पोरं तारेचा ब्रश घेऊन आली तर गुरुजींनी हात लावू दिला नाही, दगडच सोलून निघेल म्हणाले. रात्री एका बाजूनं टॉर्च धरून फोटो काढले, त्या तिरप्या उजेडात घोड्याचा लगामसुद्धा दिसला.

डिग्रीचं म्हणाल तर शिलालेखाचा ठसा घेता येतो. ओला कागद दगडावर बसवून ब्रशनं ठोकायचा, वर शाई फिरवायची, खोदलेली अक्षरं पांढरी उठतात. वाचन चुकलं असेल तर कुठलाही प्रोफेसर तो ठसा बघून सांगेल, आणि गुरुजी स्वतःहून तपासायला पाठवतात, शंकेचं अक्षर वहीत पेन्सिलीनंच लिहितात.

कन्नडच्या मुद्द्याचा मात्र राग आला. सीमाप्रश्नात मी कुठं उभा आहे ते सगळ्यांना माहीत आहे. पण बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, तिथल्या जुन्या रट्ट राजघराण्याचा मंत्री बिचिराज यानं १२०४ च्या सुमारास बांधली हे कळलं ते शिलालेखामुळंच, आणि रट्टांच्या काळचे लेख जुन्या कन्नडातच असणार ना? देगावचं कमलनारायण मंदिर कदंब राजघराण्यातल्या कमलादेवी राणीचं, ते घडवणाऱ्या तिप्पोजचं नावसुद्धा शिलालेखातच आहे. हे सगळं आपल्याच जिल्ह्यातलं, आपल्याच शिवारातलं, ते वाचलं तर मराठीचं काय कमी झालं? आणि हेच गुरुजी जुन्या वाड्यांतली मोडीची दप्तरं पण उलगडतात, वाळवी लागायच्या आधी, हे मेसेजवाल्यानं लिहिलंच नाही.

शालीच्या खर्चाची एवढी काळजी असेल तर वर्गणी काढूया, गुरुजींच्या वह्या आणि ठसे अजून पत्र्याच्या ट्रंकेतच आहेत, पावसाळ्याआधी स्कॅन करून घेऊया.