४५ दिवसांची सवलत रोकडीला नाही

'परदेशात रोकड संपली तर बिनधास्त क्रेडिट कार्डावर काढा, ४५ दिवस बिनव्याजी' असं एका लेखात ठोकून दिलंय. अहो, ती सवलत खरेदीला! रोख काढली की त्याच दिवसापासून व्याज सुरू.

हल्ली आमच्या कोल्हापुरातली निम्मी गल्ली बँकॉक-दुबई करून येते, म्हणून हिशेबच मांडतो. समजा बँकॉकला कार्डावर २०,००० रुपयांचे बाट, म्हणजे तिथलं चलन, काढले. बऱ्याच कार्डांवर रोखीचं शुल्क अडीच टक्के, म्हणजे ५००. परकीय चलनाचे साडेतीन टक्के, ७००. या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, २१६. महिन्याने बिल भरलं तर व्याज आणखी ७०० च्या घरात. तिथल्या एटीएमची फी वेगळीच. दोन हजारांना चाट! तेवढ्यात घरादाराचं तांबडा-पांढऱ्याचं जेवण होतंय की.

मशीनने 'रुपयांत रूपांतर करू का?' विचारलं तर सरळ नाही म्हणायचं. आमचे मेहुणे रुपयाचा आकडा बघून खूश झाले, हो दाबलं, आणि दर पडला महाग.

फॉरेक्स कार्डात (परकीय चलन आधीच भरून न्यायचं कार्ड) थोडे पैसे भरून न्या, क्रेडिट कार्ड फक्त अडीअडचणीला. पण २०२० पासून नव्या कार्डावर परदेशी वापर बंदच असतो, तो निघण्याआधी ॲपमधून चालू करा. तिकडे जाऊन ओटीपीची वाट बघत बसू नका.