दर रविवारची दहा मिनिटे गाडीला वाचवत नाहीत

कोल्हापुरातल्या सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी पाच-सहा महिने राहायला जाणाऱ्यांसाठी तो लिहिलेला आहे. त्यात म्हटले आहे ते थोडक्यात असे : "गाडी कितीही महिने उभी राहिली तरी चिंता नको. शेजाऱ्याकडे चावी द्या आणि दर रविवारी दहा मिनिटे इंजिन जागेवरच चालू ठेवायला सांगा. बॅटरी चार्ज राहते आणि इंजिन मोकळे राहते. टाकी रिकामी ठेवा, हँडब्रेक कडक ओढा, टायरमधली हवा कमी करा, वरून प्लास्टिकचा कागद घट्ट बांधा, बॉनेटमध्ये डांबरगोळ्या टाका. कूलंट थंड देशांसाठी असते, आपल्याकडे साधे पाणी चालते."

मी उद्यमनगरात सव्वीस वर्षे गाड्या दुरुस्त करतो आहे. या संदेशाप्रमाणे ज्यांनी मनापासून गाडी सांभाळली, त्यांच्याच गाड्या दिवाळीच्या सुमारास माझ्याकडे ओढून आणल्या जातात. काळजी घेऊनही नुकसान झालेल्या माणसाचा चेहरा पाहवत नाही, म्हणून यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गाडी काही महिने बंद ठेवण्याची रीत मुख्यतः बर्फाळ देशांतली आहे. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात अनेक जण आपली हौसेची गाडी नोव्हेंबर ते मार्च झाकून ठेवतात, कारण रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ पत्रा खाते आणि कडाक्याच्या थंडीत उतरलेली बॅटरी गोठून फुटू शकते. आपल्याकडे माणसे एप्रिल-मेमध्ये जातात आणि दसरा-दिवाळीला परततात, म्हणजे आपली गाडी उभी राहते ती नेमकी पावसाळ्यात. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात काडेपेटी मऊ पडते, भिंतींना ओल येते, धुतलेले कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. तीच दमट हवा बंद गाडीत शिरते. आपला शत्रू थंडी नाही, ओल आहे, आणि संदेशातला जवळजवळ प्रत्येक सल्ला ती ओल वाढवणारा किंवा कोंडणारा आहे.

"दर रविवारी दहा मिनिटे इंजिन चालू ठेवा." सगळ्यांत जास्त नुकसान या वाक्याने होते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. पेट्रोल जळते तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचे पाणी होते. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लहान गाडी जागेवर दहा मिनिटे चालू ठेवली तर सुमारे १०० मिलिलिटर पेट्रोल जळते, म्हणजे जवळपास तेवढेच पाणी. गाडी रस्त्यावर धावत असेल तर इंजिन आणि सायलेन्सर इतके तापतात की ही वाफ बाहेर निघून जाते. जागेवर दहा मिनिटांत सायलेन्सरचे मागचे टोक हाताला जेमतेम कोमट लागते. त्यामुळे वाफेचा काही भाग आतच थिजतो, खाली साचतो आणि पत्रा आतून कुजवतो. थोडी वाफ पिस्टनच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. शिवाय थंड इंजिनाला सुरुवातीला जादा पेट्रोल दिले जाते, आणि त्यातलेही काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये जाते.

दोन वर्षांपूर्वी गंगावेशीतले एक निवृत्त शिक्षक त्यांची गाडी घेऊन आले होते. पाच महिने त्यांच्या भाच्याने एकही रविवार चुकवला नव्हता, त्याने वहीत तारखासुद्धा लिहून ठेवल्या होत्या. मी ऑइलचे झाकण फिरवून उलटे केले, तर त्याच्या आतल्या बाजूला दुधाळ तपकिरी, लोण्यासारखा थर बसला होता. बोटाने पुसून सरांना दाखवला. तो ऑइल आणि पाण्याचा फेस होता. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, नाकाजवळ धरली तर पेट्रोलचा वास येत होता. हे पाणी आणि पेट्रोल ऑइलमधून उडून जायचे तर ऑइल चांगले तापून तसेच बराच वेळ राहावे लागते, आणि त्या इंजिनाला पाच महिन्यांत ती संधी एकदाही मिळाली नव्हती. सर भाच्याला रागावले नाहीत, आणि रागावण्याचे कारणही नव्हते. त्याने सांगितले तेच केले होते.

डिझेल गाडीचे दुखणे आणखी वेगळे आहे. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांप्रमाणे बनवलेल्या, डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळून फिल्टर मोकळा व्हायला ५५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते, आणि ते जागेवर चालणाऱ्या इंजिनात येत नाही. तेव्हा दर रविवारी त्या फिल्टरमध्ये काजळीची भर तेवढी पडते.

"बॅटरी चार्ज राहते." इथे सरळ हिशेब मांडू. गाडी बंद असतानाही घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, इंजिनाचा संगणक थोडा-थोडा करंट खात असतात. तो ३० मिलिअँपिअर धरला तर आठवड्याला सुमारे ५ अँपिअर-तास खर्च होतात. लहान गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. सेल्फ मारताना खर्च होतो तो तुलनेने अगदी थोडा, पण जागेवरच्या दहा मिनिटांत अल्टरनेटरने, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राने, बॅटरीला अगदी १५ अँपिअर दिले असे मानले तरी भर पडते ती अडीच अँपिअर-तासांची. आठवड्याला पाच खर्च आणि अडीच जमा. त्यातच शेजारी हेडलाइट आणि एसी लावून बसला तर जमेचा आकडा आणखी खाली येतो. दीड-दोन महिन्यांत बॅटरी निम्म्याखाली जाते, शिशाच्या पाट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात, आणि मग ती चार्जरवर लावली तरी पूर्वीसारखी भरत नाही.

याचा उपाय संदेशातल्या सल्ल्यापेक्षा सोपा आहे. जाण्यापूर्वी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी आणि अर्थची, म्हणजे निगेटिव्हची वायर काढून ठेवावी. काढताना निगेटिव्ह आधी आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना मल्टीमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आली असे समजावे. वायर काढल्यानंतर रिमोट चालणार नाही, म्हणून हाताने उघडायची चावी कुठे लागते ते आधी पाहून ठेवावे. ज्या गाडीची डिकी विजेवर उघडते आणि बॅटरीही डिकीतच असते, तिच्या बाबतीत हे विसरून चालत नाही.

इंजिन सुरूच करायचे असेल तर गाडी चालवली पाहिजे. पंधरा दिवसांतून एकदा कोणी विश्वासू, लायसन्सधारक माणूस ती हायवेने कागलपर्यंत नेऊन परत आणणार असेल तर उत्तमच. तेवढ्या धावण्याने ऑइल तापते, ब्रेक घासून साफ होतात, एसी फिरतो आणि टायरची जागा बदलते. विमा आणि पीयूसीची मुदत मधेच संपत नाही ना, एवढे पाहावे. असे कोणी नसेल तर गाडी अजिबात सुरू करू नये. अर्धवट सुरू करण्यापेक्षा पूर्ण बंद ठेवणे इंजिनाला मानवते. मात्र जाण्यापूर्वी ऑइल बदलावे, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये ओल आणि आम्ल साठलेले असते आणि तेच पाच महिने बेअरिंगला लागून राहते. पुष्कळ जण परत आल्यावर ऑइल बदलू म्हणतात, तोवर नुकसान होऊन गेलेले असते.

"टाकी रिकामी ठेवा." पंपावर आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. टाकी जितकी रिकामी तितकी तिच्यात हवा जास्त, आणि हवेबरोबर ओल जास्त. ओल फार झाली तर पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतात, आणि पंप पहिल्यांदा तळातलेच ओढतो. म्हणून जायच्या आदल्या दिवशी ताजे पेट्रोल जवळपास काठोकाठ भरावे. डिझेलचेही तसेच करावे, कारण डिझेलच्या तळाशी साचलेल्या पाण्यात सूक्ष्मजीव वाढून शेवाळासारखा गाळ धरतो आणि फिल्टर तुंबतो.

"हँडब्रेक कडक ओढा." बहुतेक लहान गाड्यांच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. ओल्या हवेत लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारे अस्तर, ड्रमला दाबून महिनोन्महिने ठेवला की तो गंजाने चिकटतो. मग परतल्यावर गाडी हलत नाही, जोर लावला तर लायनर पट्टीपासून सुटतो आणि चाक उतरवून हातोडीने ड्रम काढावा लागतो. गाडी सपाट जागी लावावी, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे द्यावेत, पहिला गिअर टाकावा आणि हँडब्रेक सोडून द्यावा.

"टायरमधली हवा कमी करा." याच्या अगदी उलट करायला हवे. हवा कमी असली की गाडीच्या वजनाने टायर खाली चपटा होतो आणि तसाच राहतो. दाराच्या खांबावरच्या पट्टीत दिलेल्या आकड्यापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त भरावी आणि परतल्यावर कमी करावी. शेजाऱ्याला काही काम द्यायचेच असेल तर हे द्यावे : महिन्यातून एकदा ठोकळे काढून, गिअर न्यूट्रल करून, दोघांनी गाडी हातभर पुढे ढकलायची आणि पुन्हा गिअर टाकून ठोकळे लावायचे. तेवढ्यात चाक पाव फेरा फिरते.

"प्लास्टिकचा कागद घट्ट बांधा." खालची जमीन ओल सोडते, ती वर चढते, प्लास्टिकला अडते आणि रंगावर थेंब होऊन बसते. ऊन पडले की आत वाफारा होतो. शिवाय वाऱ्याने फडफडणारा कागद त्याच्यावरच्या धुळीसकट रंग घासत राहतो. हवा खेळणारे कापडी कव्हर घालावे, तेही गाडी धुऊन पूर्ण कोरडी झाल्यावरच. जाण्याच्या दिवशी शेवटची दहा मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालवावा, म्हणजे एसीच्या आतले पाणी सुकते आणि परतल्यावर कुबट वास येत नाही. पायाखालची मॅटिंग काढून घरात ठेवावी.

डांबरगोळ्यांचा वास काही आठवड्यांत उडून जातो, उंदीर मात्र पावसाळाभर कोरडी जागा शोधत फिरतात. तंबाखूच्या पुड्यांचेही तेच. ज्या गाडीत कप्प्यामध्ये शेंगदाण्याची पुडी राहिली होती, तिचे वायरिंग मी स्वतः जोडून दिले आहे. खाण्याचा कणही गाडीत ठेवू नये, शेजारी धान्याची पोती नसावीत, आणि एअर फिल्टरच्या तोंडाला पाव इंच भोकांची लोखंडी जाळी बांधावी. गाडी सुरू करण्यापूर्वी ती काढायची आठवण मात्र ठेवावी.

कूलंटविषयी : ते गोठू नये म्हणून असते हे खरे, आणि कोल्हापुरात पाणी गोठत नाही हेही खरे. पण त्याच द्रवात गंज रोखणारी रसायने असतात आणि त्यामुळे उकळण्याचा बिंदूही वर जातो. बोअरचे जड पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार धरते आणि ॲल्युमिनियम खाते, आणि पाच महिने स्थिर राहिले तर अधिकच.

संदेशात ज्याचा उल्लेखच नाही आणि कोल्हापुरात जो सर्वांत आधी यायला हवा, तो प्रश्न म्हणजे गाडी कुठे लावायची. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत नदी त्याच्या कितीतरी वर गेली, आणि नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा या भागांत पाणी शिरले. तळघरातली गाडी तेव्हा हलवायला कोणी नसते. अशा भागात राहणाऱ्यांनी जाण्यापूर्वी गाडी उंचावरच्या एखाद्या नातेवाइकाच्या दारात नेऊन लावावी.

आणि इथेच तो रविवारचा सल्ला खऱ्या अर्थाने घातक ठरतो. पूर ओसरल्यावर अंगण धुऊन झाले की शेजारी नेहमीप्रमाणे चावी घेऊन येतो आणि सेल्फ मारतो. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी हवेसारखे दबत नाही. पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो, आणि जे काम ऑइल, फिल्टर आणि वायरिंग साफ करून निभावले असते, त्यासाठी आख्खे इंजिन उघडावे लागते. २०१९ साली अशी तीन इंजिने माझ्या टेबलावर होती, आणि तिन्ही गाड्या पुरात नव्हे तर पूर उतरल्यानंतर बिघडल्या होत्या. ज्या गाडीच्या चाकांच्या वर पाणी चढले, ती चावीला हात न लावता ओढूनच न्यावी.

मी माझ्या गिऱ्हाइकांना निघताना एक जाड पुठ्ठा देतो आणि त्यावर त्यांच्याच हाताने लिहून तो स्टिअरिंगला दोरीने बांधायला सांगतो : "बॅटरीची वायर काढली आहे. एअर फिल्टरला जाळी आहे. हँडब्रेक सोडलेला आहे, चाकांना ठोकळे आहेत. टायरमध्ये हवा जास्त आहे. पाणी आले असेल तर सुरू करू नका, मिस्त्रीला फोन करा." खाली माझा नंबर असतो.